सामाईक अक्षरं

१३ फेब्रुवारी १९८९

आज संस्थेत नवी मुलगी रुजू झाली. विमला गोताड. मूळची संगमेश्वराकडची, वडील मुंबईत गोदीत, शिक्षण सगळं मुंबईत. वय चोवीस. तिचं टेबल कॉम्प्युटरच्या खोलीत टाकलंय. म्हणजे माझ्या खोलीत.

माझी खोली म्हणायचा मला अधिकार आहे. आमच्या आंबा उत्पादक संस्थेने कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याच्या वाटेला जायला कुणी तयार नव्हतं. चेअरमन आप्पा लिमयांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि वर चादर घातली. पुण्याला जाऊन कोर्स करून आले ती मी. त्याला मराठी शिकवलं तेही मी. या यंत्राला अक्षरं येतात ती इंग्रजी. मराठी हवं तर प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढून द्यावं लागतं, ठिपक्याला ठिपका लावून. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, वळण समोर ठेवून, ग्राफपेपरवर चौकोन काळे करत मी सगळी मुळाक्षरं उतरवली, काने-वेलांट्या उतरवल्या, जोडाक्षरं उतरवली. आता बागायतदाराची पावती मराठीत निघते, पेटीवरचं लेबल मराठीत निघतं आणि पडद्यावर बागांचा नकाशा येतो त्यावरची नावंही मराठीत असतात. तीन प्रोग्रॅम, तिन्ही माझे.

आप्पा म्हणाले, "तुला मदत होईल गो, कुमुद." मी मदत मागितली नव्हती.

चपला मात्र तिने न सांगता बाहेर काढल्या. तेवढं वळण आहे.

१५ फेब्रुवारी

आज नव्या लेबलांचा कागद घरी आणला. हापूस, रत्नागिरी, खाली बागायतदाराचं नाव. इतकं सुरेख उमटलंय की वाटेत दोनदा पिशवीतून काढून बघितलं.

अण्णांना दिला. त्यांनी हातात धरला, "बरंय" म्हणाले आणि पाण्याच्या तांब्याखाली ठेवून दिला.

बरंय! उभा जन्म चित्रकला शिकवलेला माणूस. त्यांच्या हातचे सुविचार वाचायला लोक शाळेच्या फळ्यापाशी थांबायचे. निवृत्त झाल्यावर मिरकरवाड्याच्या निम्म्या होड्यांवरची नावं त्यांनी रंगवली. मी त्यांचंच अक्षर यंत्रात उतरवलं, वर्षभर मान मोडून, आणि मला काय मिळालं तर बरंय. शाळेतल्या पोरांना ते छान म्हणायचे. एखाद्याने आंबा काढला आणि तो बटाट्यासारखा दिसला तरी छान. मला लहानपणापासून एकदाही नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते आमच्याच घरासाठी.

मला बढती नको, आप्पांची शाबासकी नको. अण्णांनी एकदा माझ्या अक्षरांकडे बघून छान म्हणावं एवढंच हवंय. इथे लिहिते, कारण मोठ्याने बोलले तर हसू होईल.

२० फेब्रुवारी

आप्पांनी नवीन टूम काढली. बागायतदार खिडकीशी आला की त्याची पावती, त्याचं लेबल आणि त्याच्या बागेचा नकाशा, तिन्ही एकदम उघडे हवेत. एक बंद करा, फ्लॉपी बदला, दुसरा सुरू करा, तोवर माणूस चहा पिऊन येतो, असं त्यांचं म्हणणं. पाडव्याला मुहूर्ताची पेटी मुंबईला जाते तेव्हा सगळे जमतात. त्या दिवशी त्यांना हे दाखवायचंय.

मी सांगितलं, जमणार नाही. मेमरी सहाशे चाळीस केबी, त्यात माझे दोन प्रोग्रॅम कसेबसे मावतात. तिसरा घातला की यंत्र गप्प बसतं.

तर ही विमला कोपऱ्यातून म्हणते, "ताई, एक विचारू? तिघांच्याही पोटात तीच अक्षरं आहेत ना?"

"मग? अक्षरांशिवाय कसे चालतील?"

"तीच अक्षरं, तोच रेघा मारायचा भाग, तोच चौकटी काढायचा. एकच सामान तीनदा भरलंय. ते बाहेर काढून एकदाच मेमरीत बसवलं तर? ज्याला अक्षर लागेल त्याने तिथे मागायचं. मुंबईत आमचे सर सांगायचे, मोठ्या मशिनींवर असं करतात. सामाईक लायब्ररी म्हणतात त्याला."

आप्पांना कळेना. मग तिने त्यांना सांगितलं, "काय ओ आप्पा, आमच्या वाडीत लगीन असलं की देवळातले टोप आणतात. पन्नास पायल्यांचा भात घरोघरी कोण शिजवतो? टोप देवळात असतात, ज्याच्याकडे कार्य तो नेतो, घासून परत ठेवतो. प्रत्येकाने आपापला टोप घेतला तर घरात माणसं कुठे झोपतील?"

आप्पा टेबलावर थाप मारून हसले. मी विचारलं, "आणि पोचा आला तर?"

"ज्याच्या हातून पडला त्याने काढायचा," ती म्हणाली. "तशी रीतच हाय."

माझी अक्षरं म्हणजे हिच्या वाडीतले टोप.

२१ फेब्रुवारी

रात्रभर तिच्या म्हणण्यात खोट शोधत होते. सापडली नाही. हे मला का सुचलं नाही?

२६ फेब्रुवारी, रविवार

ती घरी आली! खालच्या आळीत तिची आत्या राहते, आमच्यापासून चार घरांवर. "अण्णांच्या हातचं अक्षर बघायचंय" म्हणून आली. मी घावने करत होते, तेव्हा चुलीपुढून हलता येईना. बाहेर अण्णांचा आवाज ऐकू येत होता. महिनोन्महिने जो माणूस हो आणि नाही एवढ्यावर दिवस काढतो, तो घडाघडा बोलत होता. बोरू कसा तासायचा, त्याचा काप किती तिरका हवा, जाड रेघ बारीक रेघेला कशी मिळते. हे सगळं मी सात वर्षांची असताना मला सांगितलं होतं. त्यानंतर कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी घावने घेऊन बाहेर आले तर ती माझाच लेबलांचा कागद हातात धरून बसली होती आणि अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मला बघून दोघं थांबली.

"काय चाललंय?"

"काही नाही. गप्पा," अण्णा म्हणाले.

तिने चार घावने खाल्ले आणि जाताना "ताई, तुमच्या हाताला चव आहे" म्हणाली. असेलच. अक्षराला नसेल, पण घावन्याला असेल.

५ मार्च, रविवार

परत आली. आता रविवारचं ठरूनच गेलंय वाटतं. आयत्या बिळावर नागोबा. संस्थेत माझ्या खोलीत, घरात माझ्या बापाशेजारी.

आज त्या दोघांनी मांडवीपर्यंत फेरी मारली. परत येताना खिडकीतून बघितलं. जांभ्याच्या पायऱ्यांवर तिने अण्णांचा हात धरला होता, नव्या नवरीसारखे एकेक पाऊल टाकत अण्णा चढत होते. मी हात धरायला गेले की झिडकारतात, "मी काय म्हातारा झालोय?" म्हणतात. तिचा हात चालतो.

आणखी एक. संध्याकाळी नाटे गावाहून केरू आला होता. त्याने नवी होडी बांधलीय, नाव अण्णांनीच रंगवायला हवं म्हणाला. "ओ अण्णा, तुमच्याशिवाय कोणाच्या हातचा नाय घालायचा नाव." अण्णांनी त्याला चक्क परत पाठवलं. कंटाळा आला म्हणाले. कंटाळा! त्या मुलीशी बोरूच्या गप्पा मारायला कंटाळा नाही, केरू बिचारा एवढ्या लांबून आला तर त्याचा कंटाळा. हल्ली पेपरही वाचत नाहीत, पेपरात काही नसतं म्हणे. नुसता रेडिओ कानाशी. म्हातारपणी माणसं लहरी होतात ती अशी.

९ मार्च

तिची लायब्ररी चालली.

मी दिलेली अक्षरं तिने प्रोग्रॅमांतून सोडवून एकत्र बांधली. कॉम्प्युटर सुरू केला की ती एकदा मेमरीत जाऊन बसतात आणि उठत नाहीत. पावतीचा आणि लेबलाचा प्रोग्रॅम तिथून मागून घेतात. दोन्ही प्रोग्रॅम एवढे हलके झालेत की माझा विश्वास बसेना, म्हणून मी दोनदा मोजून बघितलं. तिसरा, नकाशाचा, माझ्याकडे आहे. तो मी स्वतः बदलून देते म्हटलंय.

आप्पा आले, बघितलं आणि म्हणाले, "शाब्बास विमला!" तिने लगेच सांगितलं, "अक्षरं ताईंची आहेत, आप्पा. मी फक्त जागा बदलली." असं नम्र बोललं की माणूस आणखी मोठा दिसतो. मला ते जमत नाही. मला एखाद्याने शाब्बास म्हटलं की मी ते पदरात बांधून घरी आणते.

१९ मार्च, रविवार

आज मुद्दाम दाराआड उभी राहिले. वाईट सवय आहे, माहीत आहे.

अण्णा विचारत होते, "क्ष कसा आलाय?"

ती म्हणाली, "गाठ घट्ट आहे. खालचा पाय जरा लांब सोडलाय, तुम्ही सोडता तसा."

"आणि श्री?"

"श्री फार देखणा आहे."

"हं," अण्णा म्हणाले. मग ते म्हणाले, "तिला बोलू नकोस."

काय बोलू नकोस? माझ्या अक्षरांची अशी परीक्षा चाललीय, एक मास्तर आणि एक मॉनिटर, आणि जिची वही तपासतायत तिलाच बाहेर ठेवलंय. त्यांना श्री कसा आलाय हे जाणून घ्यायचं तर कागद घ्या, बघा. चार पावलांवर मी आहे, मला विचारा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री आमटीत मीठ जास्त पडलं ते त्यामुळेच.

२ एप्रिल

मी ठरवलं.

नकाशाचा प्रोग्रॅम तिच्या लायब्ररीला जोडायचा नाही. वरून जोडल्यासारखा दिसेल, पण माझी अक्षरं त्याच्या पोटात आहेत तशी राहतील. बाकीच्या दोघांनी देवळातले टोप खुशाल वापरावेत. माझ्या घरात माझा टोप राहू दे.

मी हिशोब करून बघितलाय. तिन्ही मावतात. थोडं अंग चोरून बसतील, पण मावतात. मग कुणाचं काय बिघडतं? आप्पांना तिन्ही एकदम हवे होते, ते मिळतील.

कुठेतरी एका जागी ती अक्षरं नुसती माझी असायला हवीत.

५ एप्रिल

फ्लॉपी विमलाला दिली. "जोडलंत ताई?" तिने विचारलं. "हो," मी म्हटलं. तिने उघडूनही बघितली नाही. सरळ डब्यात ठेवली. तिने बघितली असती तर बरं वाटलं असतं.

परवाच्या कार्यक्रमाला तिने अण्णांना बोलावलंय. मला न विचारता. मी दोन वर्षं सांगतेय, एकदा येऊन बघा, तर ऊन आहे, पाय दुखतात. तिने बोलावल्यावर इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय.

पाडवा

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, आणि अण्णांना रिक्षातून घेऊन संस्थेत गेले. खोली गच्च भरली होती. आप्पांनी मुहूर्ताच्या पेटीला हार घातला. सगळ्यांना पन्हं दिलं. एरवी जिथे चपला घालून कुणाला पाऊल टाकू देत नाही, तिथे पंधरा-वीस बागायतदार दाटीवाटीने उभे.

विमलाने एकेक करत तिन्ही प्रोग्रॅम उघडले. पावती. लेबल. माझा नकाशा. मग पावतीतून नकाशात, नकाशातून लेबलात, काहीही बंद न करता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, मावलं की नाही? माझ्या टोपासकट मावलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "आता शेवटचं एक. हे कुमुदताईंनापण सांगितलेलं नाय." आणि अण्णांचा हात धरून तिने त्यांना पडद्यापुढच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची अगदी जवळ सरकवली. "अण्णा, सामान एकत्र केलं त्याने मेमरी बरीच मोकळी राहिली. त्या मोकळ्या जागेत मी एक गोष्ट बसवलीय. ताईंनी काढलेलं अक्षर पडद्याएवढं मोठं करायचं, कडा गुळगुळीत करून. काळ्यावर उजळ. पहिला तुमचा श्री."

तिने बटण दाबलं. पडदा काळा झाला. आणि काळाच राहिला.

मला त्याच क्षणी कळलं. श्रीला जी जागा हवी होती, तिथे माझी दुसरी बाराखडी पाय पसरून बसली होती. विमला पुन्हा बटण दाबत होती. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

त्या शांततेत अण्णा पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. काचेला नाक टेकेल इतके पुढे गेले. मग मागे टेकून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "छान. फार छान आलाय. वळण अगदी छान आहे गो, कुमुद."

पडद्यावर काही नव्हतं.

कुणीतरी हसलं. आप्पा म्हणाले, "अहो अण्णा, अजून काही उमटलंच नाही." अण्णा "असं काय" म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांचा चेहरा मी बघितला. शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या, उत्तर न आलेल्या मुलासारखा झाला होता.

"माझंच काहीतरी चुकलं," विमला म्हणाली. "दोन दिवसांत दुरुस्त करते, आप्पा." तिने माझ्याकडे बघितलं नाही.

एवढी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो शब्द मिळाला, माझं नाव घेऊन मिळाला, आणि तो कशाला उद्देशून होता! तांब्याखालचा कागद. पेपर. केरूची होडी. जांभ्याच्या पायऱ्या. "श्री कसा आलाय?" सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, मी ते इथे ओळ न् ओळ लिहून ठेवत होते, आणि मला दिसत काय होतं, तर विमला.

८ एप्रिल

काल घरी आल्यावर दोघंही जेवलो नाही. आज सकाळी चहा देताना मी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "गणपतीपासून. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतो अजून पिकला नाही, पिकला की काढू. आढीत घालता आला असता तर पेंढ्यात घालून पिकवला असता."

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं.

"मला का सांगितलं नाहीत?"

"तू नोकरी टाकून माझ्या उशाशी बसली असतीस. आईच्या वेळी बसलीस तशी. तेव्हा तुझं पुण्याचं पहिलं बोलावणं गेलं, ते मला ठाऊक नाही असं वाटतं तुला?"

"आणि विमलाला सांगितलंत."

"तिला नाही सांगितलं. तिने ओळखलं. पहिल्याच दिवशी कागद मी उलटा धरला होता. तिच्या आजीला हेच होतं." त्यांनी कप चाचपून बशीत ठेवला. "मग म्हटलं, तुझी अक्षरं निदान ऐकू तरी. ती एकेक अक्षर सांगायची. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे थांबलीस, कुठे घाई केलीस. चांगलं सांगते ती."

"तुम्ही दर रविवारी माझी अक्षरं ऐकत होतात?"

"दुसरं काय करायचं होतं तिच्याशी?" ते जरा चिडूनच म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी घासत बसले. ती आधीच घासलेली होती.

९ एप्रिल, रविवार

किल्ली मागून आणून संस्था उघडली. एकटीच होते. नकाशाच्या प्रोग्रॅममधून माझी अक्षरं काढून टाकायला बसले. वाटलं होतं जिवावर येईल. क चं पोट पुसताना आलंही. त्या एका पोटासाठी मी आठ दिवस घालवले होते. मग आठवलं की ते पुसलं जात नाहीये, ते तिकडे आहेच, मी फक्त जादाचं फेकतेय. दुपारपर्यंत प्रोग्रॅम हलका झाला.

माझ्या मनाचं म्हणाल तर ते तेवढं हलकं झालेलं नाही. विमला मला आवडते असं आज लिहिलं तर खोटं होईल. तिने अण्णांना अक्षर दिसेल अशी युक्ती काढली, आणि मी शेजारी बसून नुसती धुसफुसत होते. हे तिच्याऐवजी माझ्याकडून व्हायला हवं होतं. मुलगी मी आहे.

१० एप्रिल

सकाळी फ्लॉपी तिच्या टेबलावर ठेवली. या वेळी तिने उघडून बघितली. फाइल केवढी आहे ते पडद्यावर दिसतंच.

"हलका झालाय," ती म्हणाली.

"टोप मी घरी नेऊन ठेवला होता," मी म्हटलं. "आणलाय परत."

ती म्हणाली, "घासून आणलात ना?"

"घासून आणलाय."

"मग झालं." आणि खिदळली. मला तिच्यासारखं हसता येत नाही, पण तोंड वाकडं तरी केलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः जाऊन अण्णांना घेऊन आले. पायऱ्यांवर हात धरला. झिडकारला नाही. खोलीत आम्ही तिघंच. खिडकीला चादर लावून अंधार केला, त्यांना उजेडाची तिरीप सोसत नाही हेही विमलानेच सांगितलं. तिन्ही प्रोग्रॅम उघडे ठेवले आणि बटण मी दाबलं.

श्री उमटला. या काठापासून त्या काठापर्यंत, काळ्यावर पिवळाधमक.

अण्णांनी बोट पुढे केलं आणि काचेवरून श्रीच्या वळणाने फिरवलं, वरून खाली, गाठीपाशी थांबून, वेलांटीवरून परत. बोट कुठेच चुकलं नाही.

"पुढचं," ते म्हणाले.

मग एकेक अक्षर. अ पासून सुरुवात केली. विमला बटण दाबत होती, मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. लहानपणी पाटी दाखवायला उभी राहायचे तशी. क. ख. "हं." "पुढचं." ट वर्गात जरा रेंगाळले. जेवणाची सुट्टी संपली, आप्पा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. मध्येच अण्णा विमलाला म्हणाले, "कडा छान गुळगुळीत केल्यास." मला टोचलं. लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

ह झाला. ळ आला.

"थांब," अण्णा म्हणाले. काचेजवळ गेले. "याचं डावं वाटोळं लहान काढलंयस."

"कुठे?"

"कुठे काय! दिसत नाही? उजवं केवढं आणि डावं केवढं. आपल्या आडनावात आहे तो. निदान तो तरी नीट काढायचास, मुळ्यांची मुलगी तू."

मी बघितलं. खरंच लहान होतं. दोन वर्षं पावत्यांवर, पेट्यांवर, मुंबईपर्यंत तो लंगडा ळ जात होता आणि एकाही डोळसाला दिसला नव्हता.

तिथल्या तिथे ग्राफपेपर घेतला आणि डावीकडचे चौकोन वाढवले. लायब्ररीत एकाच जागी बदल केला. विमलाने पावती काढली, लेबल काढलं, मी नकाशा उघडला. तिन्हीकडे ळ सुधारला होता. नकाशात माझा वेगळा टोप असता तर तिथला ळ लंगडाच राहिला असता.

पुन्हा पडद्याएवढा करून अण्णांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. डावं वाटोळं बोटाने मोजलं, उजवं मोजलं.

"आता ठीक," ते म्हणाले. "पुढचं घे."

छान म्हणाले नाहीत. बरं झालं.